ज्याने समुद्र दुभागताना पाहिला

“थांबा. आता कोनी बोलू नका. आता पानी फाटते.”

एवढं म्हणून तो दोन्ही तळवे छातीसमोर जोडायचा आणि मग ते हळूहळू एकमेकांपासून लांब न्यायचा. बस, इतकंच. पण यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या आमच्या लेआउटमधल्या टपरीवर त्या वेळी चहा उतू जायचा आणि चहावाला तोंड उघडं ठेवून त्याच्या हातांकडे बघत राहायचा. हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि दरवेळी माझ्या पोटात दुखलं आहे. लपवण्यात काही अर्थ नाही.

कारण समुद्र आमचा होता हो! मोशे आमचा, फारो आमचा, त्याच्यावर आलेली दहा संकटंही आमचीच. मी आमच्या चर्चच्या मंडळीत कित्येक वर्षं संडे स्कूल घेतो. बायबलातल्या निर्गमाचा चौदावा अध्याय, म्हणजे फारोच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना मोशे दुभंगलेल्या समुद्रातून पार नेतो तो, मला झोपेत उठवून विचारलात तरी न अडखळता म्हणून दाखवीन. आणि हा कोण? तर आमच्या शेजारच्या घरातला विम्याचा एजंट. दर पौर्णिमेला पांढरं घालून विहारात जाणारा. बायबलचं पान त्यानं जन्मात उलटलेलं नव्हतं. आणि लोक मोशेची गोष्ट ऐकायला त्याच्याकडे जायचे.

तुमच्याही आजूबाजूला असं एखादं माणूस असेल. दिसायला काही नाही. हा तर बुटका, पोट सुटलेला, कोपरात हेल्मेट अडकवून हिंडणारा. पण तो बोलायला लागला की समोरच्याला आपली घाई आठवत नसे. विमा विकतानाही तसंच. बाकीचे एजंट तुमच्या तोंडावर म्हणतात, उद्या तुम्ही नसलात तर बायकापोरांचं काय? हा म्हणायचा, “समजा तुमी गावाले गेले जी, आन् वापस याले उशीर झाला.” लोक खुशीत सही करायचे.

तर त्या वर्षी मोशेवरचा तो प्रचंड खर्चाचा पिक्चर हिंदीत होऊन यवतमाळच्या टॉकीजला लागला. आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेतच जाहीर केलं की सगळ्या मंडळीनं सहकुटुंब जायचं. शाळेच्या दोन बसगाड्या ठरल्या. निघायच्या दिवशी हा कुंपणापाशी आला आणि मला म्हणाला, “सर, एखादी शीट खाली असन तं मी येऊ काय? दर्या मी अजून पाह्यला नाही. पिक्चरमधी तरी पाहून घेतो.” मी नाही कसं म्हणणार? माझ्या बायकोनं आधीच त्याला हो म्हणून टाकलं होतं.

टॉकीज गच्च भरली होती. मधल्या चार रांगा आमच्या. बाकी कॉलेजची पोरं, बाजाराला आलेली खेड्यातली माणसं, लेकुरवाळ्या बाया. मी म्हटलं होतं की पवित्र विषय आहे, लोक शांतपणे पाहतील. शांतपणे कसलं? नदीचं रक्त झालं तेव्हा बाल्कनीतून ओरड आली, “टँकर बोलवा ना बे!” बेडकं निघाली तशा बायांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. टोळधाड आली तर माझ्या मागचा शेतकरी अर्धा उठलाच, “फवारा मारा लेकहो, पाहून काय राह्यले?” आणि गारा पडल्या तेव्हा तोच माणूस खाली बसून हळूच म्हणाला, “गेला हरभरा.”

फक्त विटा पाडणाऱ्या गुलामांवर चाबूक चालला तेव्हा कुणी काही बोललं नाही. आमच्या रांगेच्या टोकाला यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. मी पाहिलं, पण मला फुरसत नव्हती. मी शेजारच्यांना कानात सांगत होतो की हे बायबलमध्ये असं नाही, इथं मोशेचा भाऊ अहरोन हवा होता, ही काठी चुकीच्या हातात आहे.

मग ती वेळ आली. समोर समुद्र, मागून फारोच्या रथांची धूळ, मध्ये अडकलेले लोक. पडद्यावरचा मोशे काठी टेकवून म्हणाला, “आओ, प्रार्थना करें.”

आणि आमच्या चारही रांगांनी माना खाली घालून डोळे मिटले.

हसू नका. ही सवय असते. देऊळ दिसलं की तुमच्यातल्या काहींचा हात चालत्या गाडीतही छातीशी जातो की नाही? तसंच हे. मोशेची प्रार्थना दोन वाक्यांत आटोपली असती. पण आमच्या मंडळीतले ज्येष्ठ पंच पहिल्या रांगेत होते. सुरू झालेली प्रार्थना अर्धवट सोडायची त्यांना सवय नाही. त्यांनी ती तिथून पुढे मराठीत चालू केली. आजाऱ्यांसाठी, परीक्षेच्या मुलांसाठी, परगावी गेलेल्यांसाठी, टॉकीजच्या मालकासाठी. त्यांचं आमेन येईपर्यंत डोळे उघडायची आमच्यात कुणाची छाती नाही. माझी तर मुळीच नाही, कारण माझ्या पुढ्यात माझीच संडे स्कूलची मुलं बसली होती आणि प्रार्थनेत डोळे उघडणारा मला बरोबर दिसतो असं मी त्यांना दर रविवारी बजावत आलो होतो.

मिटल्या डोळ्यांनी मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! आधी खुर्चीखालून घरघर आली, ती छातीत शिरली. मग सगळी टॉकीज एकदम श्वास ओढते तसा आवाज. मग शिट्ट्या. “बापा बापा बापा!” एक बाई, “अगं माय वं!” मागचा शेतकरी कळवळून म्हणाला, “येवढं पानी, आन् सारं वाया चाल्लं.” माझ्या पापण्या थरथरत होत्या. पंच अजून रस्त्यावरच्या प्रवाशांपाशी होते.

आमेन झालं. डोळे उघडले तर इस्राएल लोक पलीकडच्या काठावर कपडे झटकत होते.

ज्या दृश्यासाठी कोट्यवधी रुपये ओतले, ज्या दृश्यासाठी आम्ही बस करून आलो, ते आमच्या चार रांगांमध्ये एकाच माणसानं पाहिलं. तो म्हणाला, “मी तं पिक्चर पाहाले आलतो ना जी. मी कायले डोये लावू?”

परतीच्या बसमध्ये जो तो झोपेचं सोंग घेऊन बसला. शेवटी पाळकसाहेबांनीच खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, “पाणी नेमकं कोणत्या बाजूनं फाटलं हो?” हा उठला. दांड्याला टेकून उभा राहिला. आणि तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं, “थांबा. आता कोनी बोलू नका.”

इथपर्यंत मी सहन केलं असतं. टपरीवर तो सांगो नाहीतर पाळकसाहेबांना सांगो. पण गोष्ट माझ्या घरात आली.

माझी आई मिशनची बायबलबाई होती. तरुणपणी नेरच्या बाजूच्या खेड्यांतून बैलबंडीत बसून, नाहीतर पायी, ती बायांना बायबलच्या गोष्टी सांगत फिरली. आता शुगरनं तिची नजर गेली आहे, पायही चालत नाहीत. बाबा गेल्यापासून ती बोलणंही विसरल्यासारखी झाली होती. मी नेरच्या शाळेतून बसनं घरी यायचो, तिच्या खाटेपाशी बसून एक अध्याय वाचून दाखवायचो, आणि ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची. ऐकायची म्हणजे, मला तसं वाटायचं.

त्या दिवशी पिक्चरहून आलो तर ती जागी होऊन बसलेली. “समुद्र कसा फाटला, बाबू?”

मी सुरू केलं, “मग मोशेनं आपला हात समुद्रावर उगारला, आणि परमेश्वरानं...”

“ते मले पाठ आहे. पिक्चरमधी कसा फाटला ते सांग.”

मला खरं सांगावं लागलं. तिनं थोडा वेळ कान टवकारून वाट पाहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग म्हणाली, “मंग पाह्यला कोनं?” मी नाव सांगितलं. “बोलाव त्याले.”

तो आला. दुसऱ्या दिवशीही आला. पुढे रोज यायला लागला. समुद्र ओलांडायला इस्राएल लोकांना एक रात्र पुरली होती. यानं तो माझ्या आईला महिनोन्महिने ओलांडायला लावला. मी शाळेतून घरी पोचायचो तेव्हा त्याचं निम्मं सांगून झालेलं असायचं. दारातच त्याचा आवाज यायचा, आणि त्याच्यावर आईचं हसू. ती त्याला तू म्हणायची. तो तिला माय म्हणायचा. पाच वाजले की ती सुनेकडून केस विंचरून घ्यायची, धुतलेलं लुगडं नेसायची, बरी खुर्ची खाटेजवळ ठेवायला लावायची. माझ्या अध्यायासाठी ती कधी केस विंचरून बसली नव्हती.

मी हातपाय धुण्याच्या निमित्तानं मागे निघून जायचो. तरी कानावर तुकडे पडायचेच. एक गोऱ्हा ओल्या वाळूत पाय टाकायला तयार नव्हता, तर एका मुलीनं पदरानं त्याचे डोळे झाकले. एका बाईच्या खांद्यावर फडक्यात बांधलेला कणकेचा उंडा होता, आणि ती समुद्राच्या मधोमध नवऱ्याला विचारत होती, “आता इथं चूल मांडू काय?” पाण्याच्या भिंतीतून एक मासा माणसांकडे खिडकीतून बघावं तसा बघत होता. आई हसून हसून खोकायची.

“तुमच्या पोटात दुखून राह्यलं,” बायको म्हणाली. मी म्हटलं, दुखणारच. आई माझी आहे.

शेवटी मी ठरवलं की समुद्र स्वतः पाहायचा आणि मग आईला असा सांगायचा की हा पुन्हा खुर्चीवर बसता कामा नये. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून टॉकीजला गेलो, तर पिक्चर कधीच बदललेला. पोस्टरवर कुणीतरी हिरो मोटरसायकल उडवत होता. मग पुढे तो मोशेचा पिक्चर मोबाइलवर आला तेव्हा भाच्याकडून लावून घेतला आणि गच्चीवर बसून पाहिला. तळहाताएवढ्या पडद्यावर समुद्र फाटला. ठीक फाटला. खूप पाणी होतं, खूप लोक होते. मी ते दृश्य मागे नेऊन नेऊन पुन्हा पाहिलं.

आणि मंडळी, त्यात गोऱ्हा नव्हता. कणकेवाली बाई नव्हती. मासा तर नव्हताच नव्हता.

मला जो आनंद झाला तो मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी धावतच खाली आलो. “आई, तो थापा मारतो. मी आत्ता पाहिलं. त्यातलं काहीच पिक्चरमध्ये नाही.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली.

“ठाऊक आहे?”

“बायबलातबी नाही. जलमभर मी तेच सांगत फिरली, बाबू. मले नाही समजनार?”

“मग कशाला ऐकतेस?”

“बुढीसाठी.”

“कोणती बुढी?”

“तू कवा पुरं ऐकतोस? मागं पळून जातोस.” ती उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं जे मी बाहेरून ऐकायचो. “आंधळी बुढी आहे त्या लोकाइत. पाय गेले तिचे. सारे पान्यात उतरून पुढं चाल्ले, आन् हे खाटेवर. तं तिचा पोरगा वापस फिरला. मास्तर आहे तो. त्यानं तिले पाठीवर घेतली. इकडं पानी उभं, तिकडं पानी उभं, आन् हा मधातून चाल्ला, सारखा तिच्यावर खेकसत. म्हने, आई, गळा आवळू नको. आई, नीट धर. आई, हे असं पुस्तकात नाही.”

आणि ती इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, “रोज नेते तो तिले. कवा अर्ध्यात थांबते गोष्ट, पन मास्तर तिले खाली ठेवत नाही.” थोड्या वेळानं पुन्हा, “आन् त्या धा संकटाइतलं अंधाराचं संकट तो मले सांगतच नाही. विचारलं तं म्हने, इसरलो माय.”

मी गच्चीवर जाऊन बसलो. माझ्याच घरात, मी नसताना, हा माणूस रोज माझ्या आईला सांगत होता की तुझा मुलगा परत फिरला. मी असा परत फिरलो असतो का, कुणास ठाऊक. मला गोष्टीतल्या त्या मास्तरचासुद्धा हेवा वाटला. त्याच्या पाठीवर ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी बसथांब्यावर उभा असताना त्यानं स्कूटी थांबवली. मी सरळ विचारलं, “ही बुढी तुम्ही कुठून आणली?”

तो लाजला. पहिल्यांदाच मी त्याला शब्द शोधताना पाहिलं. “आमी राजूरचे, सर. माझा आजा खदानीत होता. तो दीक्षेले नागपूरले गेलता. वापस आला तवापासून मरेलोक त्या दिवसाचंच सांगे. दरवेळी त्या गर्दीतून नवा मानूस काढे. येक दिवस आजी रडाले लागली. म्हने, तुमी साऱ्याइचं सांगता, मी कुठं होती? तिले त्यानं नेलंच नव्हतं ना, ते बाळंतीन होती. तं दुसऱ्या दिवसापासून आजीबी गर्दीत. तिच्या कडेवर माझा बाप.” त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं. “म्हातारं मानूस घरी राह्यलं तं गोष्ट कशी पुरी होईन जी?”

माझ्याकडे नुसतं पाठांतर होतं. त्याला तो आजा मिळाला होता. नशीब लागतं एकेकाला, असं मनात म्हणत मी बस पकडली. आणि खोटं का बोलू, बसमध्येही मी जळतच होतो.

तो मे महिन्यात गेला. वणीकडे कुणाची तरी पॉलिसी द्यायला निघाला होता, उन्हात छातीत कळ आली, रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी लावून बसला आणि तिथंच संपला. स्कूटी नीट स्टँडवर उभी होती, असं आणणारे सांगत होते.

विहारात त्याची शोकसभा झाली. इतकी माणसं आली की निम्मी रस्त्यावर उभी होती. आमचे पाळकसाहेब बोलले, चहावाला बोलला, पंचांनी डोळे मिटून फार थोडक्यात आटोपलं. प्रत्येकानं त्याच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला आणि कुणालाच ते जमलं नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नकाराची मान हलवली. माझ्या मनात आलं, मी गेल्यावर यातले किती येतील? अशा वेळीसुद्धा हेच मनात आलं.

आईला मी त्याआधी, बातमी आली त्या सकाळीच सांगितलं होतं. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा पहिल्यासारखी होणार. पण त्याच दिवशी पाच वाजता तिनं सुनेला हाक मारली, केस विंचरून घेतले आणि उठून बसली. मला वाटलं ती विसरली. वयच तसं आहे.

“बस तिथं,” ती म्हणाली.

मी त्या खुर्चीवर बसलो. मी सहसा खाटेच्या कडेला बसायचो. पुस्तक मांडीवर घेतलं.

“ते ठेव. सांग.”

मी सांगायला लागलो. पहिल्यांदा नुसतं कोरडं. रथ आले, धूळ उडाली, लोक ओरडले. पाणी फाटलं. माझे हात मांडीवरून हलेनात. लोक पाण्यात उतरले. मग मला बुढीपाशी यावंच लागलं. तिला पाठीवर घेणारा मास्तर, असं म्हणायला गेलो आणि तोंडातून निघालं, “मग मी परत फिरलो. तुला पाठीवर घेतलं.”

“हं,” आई म्हणाली.

“दोन्ही बाजूंनी पाणी उभं आहे. खाली वाळू ओली आहे. तू जड आहेस.”

“हं. आन् तो कुठं आहे?”

कोण, हे मी विचारलं नाही. इतक्या दिवसांत त्यानं त्या गर्दीतून किती माणसं काढली, पण स्वतःला एकदाही त्यात घेतलं नव्हतं. मला समोर वाळूच वाळू दिसत होती, चालणारी माणसं दिसत होती.

“तो गेला ना पुढे,” मी म्हणालो. “पलीकडे पोचलासुद्धा. आपल्या आधी.”

माझा आवाज कडवट निघाला. सवयीचाच तो, मला लपवता आला नाही, आणि आईला तर नुसत्या आवाजावरून सगळं कळतं. तिनं हात पुढे करून चाचपलं, तिला माझा खांदा सापडला. बंडीच्या बैलाला हाकावं तशी तिनं त्यावर एक थाप मारली.

“मंग पाय उचल ना, बाबू. तो थांबून असन आपल्यासाठी.”